पितळेचं पाणी

जावई काय करतात, असं माहेरी कुणी विचारलं की मी ‘वर्कशॉप आहे’ म्हणायचे. ‘कशाचं?’ असं पुढं विचारलंच तर ‘पंपाचे पार्ट बनवतात’. यात खोटं काही नव्हतं. ते पार्ट कशापासून बनतात तेवढं मी सांगत नसे. आमच्या शेडच्या मागं जुन्या पितळेचा ढीग असतो आणि लग्न होऊन वरवंडला आल्यापासून मी त्या ढिगाशेजारी पोतं टाकून बसते. तोट्या वेगळ्या, भांडी वेगळी, कंपनीतून आलेला चुरा वेगळा. संध्याकाळी हात हिरवट काळे होतात आणि साबणानं धुतले तरी वास जात नाही. माहेरी जायचं असलं की मी आदल्या दिवशी हातांना लिंबू चोळायचे. वास जायचा, पण नखं काळीच राहायची. मग पदराखाली हात.

माझं माहेर केंदूरचं. बागायत, दारात ट्रॅक्टर, सोसायटीची निवडणूक आली की आमच्याच ओट्यावर चहाची पातेली चढायची. अशा घरातली मुलगी भंगार निवडते, हे मला स्वतःलाच पचत नव्हतं. नवरा आयटीआय शिकलेला, स्वतःची भट्टी, निर्व्यसनी, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला इथं दिली. स्थळ चांगलंच होतं. माझ्या डोक्यात मात्र बसलं होतं, की हे लोक आपल्यापेक्षा एक पायरी खाली.

धंद्यात भंगार म्हणत नाहीत, मोड म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, हाक मारली, ‘ए, मोड आलीय गं,’ तेव्हा मला वाटलं मटकी भिजत घातली होती तिला आले. मी टोपली घेऊन बाहेर गेले तर दारात टेम्पो उभा. सगळे पोट धरून हसले. मोड म्हणजे मोडकं पितळ, मोड म्हणजे सुट्टे पैसे, आणि कडधान्याला फुटतात तेही मोडच. आज मला त्या शब्दाची गंमत वाटते. तेव्हा मी टोपली आपटून आत गेले होते.

आत्यांनीच मला काम शिकवलं. बोलणं तिखट, कौतुक करायची सवय अजिबात नाही. स्वयंपाक चांगला झाला तर ‘मीठ बरं पडलंय’, यापुढं त्यांची गाडी जायची नाही. पितळ कानशीनं जरा घासायचं आणि आतला रंग बघायचा, कारण वरचा रंग फसवतो. लोखंडी कडी, खिळा, स्क्रू असेल तर तोडून काढायचा. ॲल्युमिनियम तर औषधालाही राहता कामा नये. आणि तोट्यांचं पितळ भांड्यांच्या पितळेत कधीच मिसळायचं नाही. तोट्या आणि व्हॉल्व्हच्या पितळेत शिसं असतं, त्यामुळं ते लेथवर सोपं कापलं जातं. तेच पितळ कुणी पातेल्याला वापरलं तर ते शिसं आमटीतून पोरांच्या पोटात जातं. ‘आपुन भांडी करत न्हाई,’ आत्या म्हणायच्या, ‘पर आपल्याकडनं मोड नेणारा करतो. तवा त्याला मिसळून द्यायची न्हाई. कोण खाणार हाय त्ये आपल्याला दिसत न्हाई, म्हणून काय झालं?’

हे मी ऐकायचे, करायचे, आणि तरी लाजायचे. पितळ कितीदाही वितळवा, ते पितळच राहतं. थोडं जस्त जळून जातं, तेवढं वरून घालावं लागतं. ज्या तांब्यापासून ते बनतं ते तांबं आपल्या भागात कुठं निघत नाही. दूरवर डोंगर फोडायचे, दगड भाजायचे, मग मूठभर तांबं. आणि इथं गावोगावच्या माळ्यांवर तयार धातू कोळिष्टकं खात पडलेला. आमच्या भट्टीतून निघालेला फुटव्हॉल्व्ह भीमेच्या काठी कुणाच्या तरी विहिरीत बसतो, झिजतो, आणि दहा हात फिरून परत आमच्याच ढिगात येतो. मी ओळखते आमच्या साच्याची खूण. हे सगळं माहेरी सांगावं असं आज वाटतं. तेव्हा मी सांगायचे ते एकच, की माझ्या लग्नातल्या घंगाळाला सासू मला हात लावू देत नाही.

आमच्याकडं लग्नात मुलीला पाच भांडी देतात. हंडा, कळशी, परात, तांब्या, आणि आंघोळीचं पाणी घ्यायला घंगाळ. माझं घंगाळ पाचांत सगळ्यात मोठं होतं. दोन्ही बाजूंना कड्या, आणि कडीखालच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आबांचं नाव, पुढं ‘यांजकडून’. लग्नाच्या मांडवात ते पालखीसारखं मिरवत आणलं होतं. बाकीची चार भांडी आमच्या घरात रोजच्या वापरात आली. घंगाळ मात्र आत्यांनी पहिल्याच वर्षी माळ्यावर टाकलं. दिवाळीला घरातलं सगळं पितळ खाली येई, चिंच लावून घासलं जाई. घंगाळ तिथंच. आत्या स्वतः शिडीवर चढून कोरड्या फडक्यानं ते पुसायच्या. मी शिडी धरायची.

‘वापरायला काढू का?’ मी विचारायचे.

‘नगं. ऱ्हाऊ दे वर.’

‘माझ्या माहेरचं आहे म्हणून?’

‘तसं समज,’ म्हणायच्या, आणि खाली उतरायच्या.

मी तसंच समजले. माहेरी जाऊन सांगितलंही, एकदा नाही, दर सुट्टीला. माझ्या वस्तूचा त्यांना जळफळाट होतो, मोठ्या घरची सून आली ते खुपतं. आई गेली तेव्हा तिच्या दहाव्याला आलेल्या बायकांतही मी हेच सांगत बसले होते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, हे ऐकून दात खायचा. आबा मात्र कधी काही बोलले नाहीत. उठून गोठ्याकडं जायचे. मला वाटायचं, लेकीचं दुःख बघवत नाही.

मागच्या वर्षी माहेरच्या वस्तीवरच्या देवळाचं काम निघालं. पत्रा जाऊन स्लॅब पडला, शिखर झालं, आणि घंटा बाजारातून न आणता घरटी जुनं पितळ गोळा करून ओतून घ्यायची असं ठरलं. दादाचा फोन आला.

‘आमच्या बहिणीची फॅक्टरी हाय म्हणून सांगितलंय मी समद्यांना,’ तो म्हणाला. ‘दाजींना इचार, घंटा व्हईल का?’

फॅक्टरी हा शब्द ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला. माहेरच्या माणसांना आमच्या भट्टीचं काम पडावं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आमच्या साच्यांत एवढी मोठी वस्तू कधी केली नव्हती, तरी त्यांना विचारायच्या आधीच मी दादाला ‘होईल’ सांगून टाकलं. रात्रभर हे माझ्यावर पुटपुटत होते.

एका सकाळी पिकअप आली. न्हावऱ्यावरून, पूल ओलांडून, चौफुल्याला चहा पिऊन मंडळी पोचली होती. दादा, वस्तीवरची चार माणसं, आणि पुढच्या सीटवर आबा. आबांना आता काठीशिवाय चालवत नाही, पण घंटेचं काम म्हणून हट्टानं आले होते. मी शेडमध्ये प्लास्टिकची खुर्ची पुसून ठेवली, त्यावर त्यांना बसवलं. ढिगावर ताडपत्री टाकली होती. शेड इतकी झाडलेली मी आमच्या घरी पाव्हणे आले तेव्हाही कधी पाहिली नव्हती.

पिकअपमधून काय काय उतरलं! दांडा तुटलेल्या समया, रॉकेलच्या स्टोव्हच्या टाक्या, बुडाला भोक पडलेले बंब, तुषार सिंचनाचे नोझल, कुलपं, एका घरानं तर बैलांच्या शिंगांच्या शेंब्या आणि घुंगरांची माळ दिली होती. बैल विकून झाले, शेंब्या खुंटीला होत्या. एका माणसानं बापाचा पट्टेवाल्याचा बिल्ला काढून दिला आणि देताना कपाळाला लावला. त्यात कुणी चकचकीत नळही टाकले होते, पितळ म्हणून. ते खरं म्हणजे वर पांढरा मुलामा दिलेले, आत हलका धातू. मी ते हळूच बाजूला सारले. कुणाचे ते विचारलं नाही.

मी ऐटीत होते. दादा प्रत्येकाला दाखवत होता, ही भट्टी, ही मूस, हिच्यात पितळ वितळतं. मी मध्येच भर घालत होते. आमच्याकडं काम करणारा झारखंडचा भय्या एकेक वस्तू उचलून तिला चुंबक लावत होता आणि पलीकडं ठेवत होता. हा नियम मीच घातलेला. चुंबक लावल्याशिवाय काही म्हणजे काही मुशीत जायचं नाही. मागं एकदा एक बोल्ट नजरेतून सुटला होता, ओतकामात कठीण खडे आले, आणि व्हॉल्व्ह गळतात म्हणून सगळा माल परत आला होता. तेव्हापासून आमच्या भट्टीवर देवाच्या वस्तूलाही चुंबक.

मंडळी बघतायत, आबा बघतायत, आणि माझ्या डोक्यात आलं की माझंही काहीतरी या घंटेत पाहिजे. माहेरची वस्तू माहेरच्या देवाला. मी म्हटलं, ‘थांबा, माझं घंगाळ पण घाला.’

आत्या दारात उभ्या होत्या. त्यांनी चहाचा ट्रे खाली ठेवला.

‘त्ये नगं,’ त्या म्हणाल्या. ‘माझी कळशी दे. चांगली जड हाय.’

‘तुमची कशाला? माझं आहे की.’

‘अगं, नगं म्हंते ना मी.’

दादानं माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं जे तो माझ्या तोंडून ऐकत होता ते त्याला आता डोळ्यांसमोर दिसत होतं. मलाही बळ आलं. चारचौघांत मी आत्यांना कधी उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

‘माझ्या बापानं दिलंय ते,’ मी म्हटलं. ‘तुमचं काय जातंय?’

मी शिडी लावली, वर चढले, घंगाळ काढलं. जड लागलं. मनात म्हटलं, बघा, काय खणखणीत पितळ आहे. रोज ढीगभर तुकडे पारखणारी मी, पण माहेरच्या वस्तूकडं त्या नजरेनं मी कधी बघितलंच नव्हतं. पदरानं पुसत पुसत मी ते शेडमध्ये नेलं आणि आबांच्या खुर्चीसमोर ठेवलं. आबा म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे की पोरी. संसारातली वस्तू हाय.’ मला वाटलं, हळवे झाले.

भय्यानं हातातली समई खाली ठेवली, सवयीनं वाकला, आणि घंगाळाला चुंबक लावलं. टक्. चुंबक चिकटलं आणि त्यानं हात काढला तरी तिथंच राहिलं. त्याला खरं वाटेना. त्यानं ते ओढून दुसरीकडं लावलं. तिथंही टक्. मग त्यानं कानस घेतली, बुडाला एक फराटा ओढला, आणि वर बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘भाभी, ये तो लोहा है.’

पिवळ्याखाली करडी रेघ दिसत होती. पत्र्याचं घंगाळ, वरून पितळेचं पाणी दिलेलं. लोक म्हणतात अमक्याचं पितळ उघडं पडलं. आमचं लोखंड उघडं पडलं.

वस्तीवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांतला एकजण माझ्या लग्नात मांडवात वाढायला होता. कोण किती मोठं घंगाळ देतं हे त्यानं तेव्हा पंगतीत सांगितलं असणार, आणि आता हेही संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळणार होतं. ज्या माणसाच्या शब्दावर अख्खं गाव बैलाचा सौदा करायचं, त्यानं लेकीला लग्नात लोखंड दिलं. मी आबांकडं बघितलं. अचंबा वाटलेला माणूस वस्तूकडं बघतो. आबा जमिनीकडं बघत होते. त्या क्षणी मला समजलं की त्यांना माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझं लग्न घाईनं उरकलं होतं, ऊस अजून रानात उभा होता, हातात पैसा नव्हता, आणि मांडवात पाच भांडी तर दिसायलाच हवी होती.

मला मरणाची लाज वाटली. सांगायला हवं म्हणून सांगते, की ती पहिली लाज आबांसाठी नव्हती. ती माझीच होती. सासरच्या माणसांपुढं, माझ्या कामगारापुढं, मी उघडी पडले होते.

तेवढ्यात आत्या पुढं आल्या. त्यांनी घंगाळाची कडी धरली, एका झटक्यात ते पालथं घातलं आणि त्याच्यावर बसल्या. चक्क बसल्या, पाटावर बसावं तशा, पदर सारखा करून.

‘ह्ये हिच्या म्हायेरचं न्हाईच,’ त्या म्हणाल्या. ‘हिचं घंगाळ मी कवाच मोडीत घातलंय.’

‘म्हंजी?’ दादा म्हणाला.

‘म्हंजी विकलं. घरात अडचण व्हती. हिला कळंल म्हणून बाजारातनं ह्ये आणून ठिवलं वर. हात लावू देत नव्हते त्ये उगं न्हाई.’

हे पुढं आले. त्यांनाही काही माहीत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ‘आई, कवा विकलंस तू?’

‘तू गप ऱ्हा. तुला काय ठावं घरातलं?’

मग दादा सुटला. वाटलंच मला, म्हणाला. माझी बहीण इतकी वर्षं सांगती ते खोटं नव्हतं, म्हणाला. ‘भट्टीवाल्यांच्या घरात पोरीची लग्नातली भांडी बी सुरक्षित न्हाईत, मग लोकांची मोड काय सांभाळणार तुम्ही?’ आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. मान खाली नाही, वर नाही. माणसांनी हळहळ केली, माझ्याकडं कीव करून बघितलं, आणि आबांवरची त्यांची नजर उठली. आबा पुन्हा ते होते जे सकाळी पिकअपमधून उतरले होते.

आणि मी? त्या घंगाळाच्या काठावर आबांचं नाव होतं. आत्यांच्या लुगड्याच्या सोग्याखाली, मातीला टेकलेलं. मी एक शब्द बोलले नाही. ‘जाऊ दे दादा,’ एवढंच म्हटलं, ते सुद्धा अशा आवाजात, की माझ्यावर फार मोठा अन्याय झालाय आणि मी तो पोटात घालतेय.

मंडळी असेपर्यंत आत्या त्या घंगाळावरून उठल्या नाहीत. चहा मला द्यावा लागला. त्यांचा कप त्यांनी तिथंच बसून प्यायला. निघताना आबा त्यांच्यासमोर थांबले. ओठ हलले. पण ‘येतो विहीणबाई,’ याच्यापलीकडं काही निघालं नाही.

‘या आबा. जपून जावा,’ आत्या बसल्या जागेवरून म्हणाल्या.

पिकअप हायवेला लागली तशा त्या उठल्या, कंबरेवर हात ठेवून. मी विचारलं, ‘तुम्हाला कधीपासून माहीत होतं?’

‘पहिल्या दिवाळीला घासाया घेतलं तवाच. चिंच लावली आन् बुडाचा पिवळा रंग हातावर आला. ह्या घरात पितळ वळखता येत न्हाई असं एक बी माणूस न्हाई. तू सोडून.’

‘मग सांगायचं तरी मला.’

‘सांगून काय व्हणार व्हतं? म्हायेरला जाताना मान खाली घालून गेली असतीस. म्हटलं जाऊ दे ताठ.’

मी ताठच जात होते. दर सुट्टीला. जाऊन त्यांनाच शिव्या घालत होते. त्यांना हेही माहीत असणार, कारण अशा गोष्टी फिरून येतातच. मी तिथंच पोत्यावर बसले आणि रडले. आत्या म्हणाल्या, ‘चुरा भिजंल,’ आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी कानस घेऊन घंगाळाच्या काठावरचं नाव घासून काढलं. ठिपके खोल होते. लोखंडाची गाडी जालन्याला जाते, तिच्यात ते टाकून दिलं. तिकडं त्याची सळई होईल, कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाईल. लोखंड असणं हा काही गुन्हा नाही. त्याला पितळ म्हणून मिरवलं, हा आमचा गुन्हा.

घंटा ओतायच्या दिवशी आम्ही घरचेच होतो. आदल्या दिवशी मी सगळ्या ढिगाला पुन्हा चुंबक लावून घेतलं होतं. तोट्या आणि नोझल आधीच काढले होते, त्यातल्या शिशानं घंटेचा आवाज बसतो. नुसत्या पितळेची घंटा जरा बोदी, दबकी वाजते, म्हणून हे काशाची मोड शोधत होते. आत्यांनी आतून त्यांची काशाची थाळी आणून दिली. ती त्यांच्या माहेरची, त्या तीत रोज जेवायच्या. ह्यांनी नको म्हटलं.

‘दात ऱ्हायलेत कुठं आता थाळी भरून जेवाया,’ म्हणाल्या, आणि थाळीवर हातोडा त्यांनीच मारला.

मूस लाल झाली, मग पिवळी. शेंब्या गेल्या, बिल्ला गेला, स्टोव्हच्या टाक्या गेल्या. जस्त जळायला लागलं की हिरवट ज्योत उठते आणि पांढरा धूर. तोंडाला फडकी बांधून आम्ही लांब उभे राहिलो. टाकणखार टाकून वरची मळी काढली, आणि खाली जे राहिलं त्यात कुठल्या घरचं काय हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. त्या दिवशी मला त्या पितळेचा हेवा वाटला.

वाळूचा साचा फोडून घंटा काढली, घासली, शेडच्या तुळईला टांगून वाजवली. आवाज हायवेच्या ट्रकांच्या वर गेला. हे हसले. आत्या आत भाकरी करत होत्या, त्यांनी तिथूनच विचारलं, ‘फुटली न्हाई ना?’

देवळात घंटा बांधायचा कार्यक्रम ठरला. दादानं फोनवर सांगितलं, ‘तू आन् दाजी या. म्हातारीला आणू नको. लोक इचारत्यात.’ मी आत्यांना सांगितलं की गाडीत जागा नाही. त्या म्हणाल्या, ‘मला बी गुडघ्यानं उभं राहवत न्हाई.’ आम्ही दोघी खोटं बोललो आणि दोघींना ते माहीत होतं.

केंदूरला आमचा सत्कार झाला. नारळ, टोपी, साडी. पहिली घंटा आबांनी वाजवली. सगळे म्हणाले काय आवाज आहे, काय घुमतोय. दादा प्रत्येकाला सांगत होता, बहिणीच्या फॅक्टरीत ओतली. ज्या शब्दासाठी मी इतकी वर्षं तळमळले तो आता नुसता उधळला जात होता आणि मला पळून जावंसं वाटत होतं. मग बायकांत बसले असताना कुणीतरी विचारलं, ‘सासू न्हाई आली?’

माझी वहिनी म्हणाली, ‘कुठल्या तोंडानं येत्यात? सुनंचं घंगाळ खाल्लेली बाई.’

सगळ्या हसल्या. माझं तोंड उघडलं. शब्द ओठांवर होते. ते घंगाळ लोखंडाचंच होतं, तुमच्याच घरून आलेलं, आणि हा जो आवाज तुम्हाला गोड लागतोय तो त्या बाईच्या जेवायच्या थाळीचा आहे. एवढंच सांगायचं होतं. समोर खांबाला टेकून आबा बसले होते. त्यांनी हे ऐकलं होतं. ते माझ्याकडं बघत होते, आणि त्यांची नजर मी लहानपणापासून ओळखते, पण असं काही मागताना ती मी कधी पाहिली नव्हती. एका बाजूला बाप, एका बाजूला सासू. एकाची लाज झाकायची तर दुसऱ्याची काढायला हवी. मी तोंड मिटलं. पदर सावरला आणि नखं बघत बसले.

आबा अजून आहेत. ते आहेत तोवर मी हे केंदूरमध्ये बोलू शकणार नाही, आणि ते गेल्यावर बोलणं म्हणजे तर आणखीच वाईट. म्हणून इथं कुणाचं नाव घातलेलं नाही. लिहिलं तरी आहे, एवढंच.

दिवस मावळायच्या आत आम्ही वरवंडला पोचलो. आत्या ओट्यावर घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. मी नेसून आलेली सत्काराची साडी त्यांनी पदर धरून बघितली, सूत चांगलं आहे म्हणाल्या. हे गाडी लावायला मागं गेले, तशा त्यांनी आवाज खाली आणला.

‘कुणापशी बोलली न्हाईस ना काय?’

‘न्हाई.’

‘एक शब्द बी न्हाई?’

‘न्हाई आत्या.’

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘शानी गं माझी बाय.’

या घरात आल्यापासून मी त्यांच्या तोंडून हे ऐकायची वाट बघत होते. त्यांनी मला पहिल्यांदा शहाणी म्हटलं, ते लोक त्यांना चोर म्हणत असताना मी गप्प बसले याबद्दल.